वाघ दरवाजा आणि वहिनींचा सल्ला

रायगडावर गेलात तर कुशावर्त तलावाच्या बाजूने वाघ दरवाज्याकडे जरूर उतरा. रोपवेने येऊन फोटो काढून परतणारे तिकडे सहसा फिरकत नाहीत. मी उन्हाळ्यात गेलो होतो. दरवाज्यातून बाहेर डोकावलो आणि पोटात गोळाच आला. पुढे वाट अशी दिसेचना. राजाराम महाराज इथूनच निसटले असं सांगतात.

एप्रिल 1689. संभाजी महाराजांना जाऊन महिनाही झालेला नव्हता, खाली मोगल सरदार झुल्फिकारखानाचा वेढा. राजाराम 19 वर्षांचे. त्यांच्या वहिनी येसूबाई म्हणाल्या, सगळं राजघराणं एका गडावर अडकून चालणार नाही. तुम्ही बाहेर पडा, मी शाहूला घेऊन इथे राहते.

यातली खरी गंमत (गंमत कसली!) घरातल्या जुन्या जखमांत आहे. सोयराबाईंचा पक्ष आणि संभाजी महाराज यांच्यात गादीवरून काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच सोयराबाईंचा मुलगा राजाराम, आणि सल्ला देणारी संभाजी महाराजांची विधवा. ‘मला गडाबाहेर काढून हिला सहा-सात वर्षांच्या मुलाला गादीवर बसवायचंय’ ही शंका कुणाच्याही मनात आली असती. पण येसूबाईंनी दिराला पुढे केलं आणि दिराने वहिनींचं ऐकलं.

राजाराम महाराजांना ‘मवाळ’ म्हणून बाजूला सारणाऱ्यांशी माझं इथेच वाजतं. पुढे यात्रेकरूंच्या वेषात, केळदीच्या राणी चेन्नम्मांच्या आश्रयाने तमिळ मुलखातला जिंजीचा किल्ला गाठला. इकडचा कारभार रामचंद्रपंत अमात्यांना ‘हुकूमतपनाह’ (राजाच्या वतीने सर्वाधिकारी) करून सोपवला. शेकडो कोस लांब बसलेल्या राजाने आपला अधिकार असा दुसऱ्याच्या हाती द्यायला छाती लागते हो. इथे आमच्या गणेश मंडळाचा अध्यक्ष पावतीपुस्तक दुसऱ्याकडे देत नाही!

अर्थात ते सगळ्यांचंच ऐकत राहिले आणि सगळं गोड झालं असंही नाही. सेनापती संताजी घोरपड्यांशी बिनसलं, सेनापतीपद धनाजी जाधवांकडे गेलं आणि 1697 मध्ये संताजी मारले गेले. तिथे कुणाचं ऐकलं आणि कुणाचं ऐकायला हवं होतं, यावर वाद घाला, मीही घालतो.

येसूबाईंच्या सल्ल्याची किंमत मात्र त्यांनी स्वतःच मोजली. नोव्हेंबर 1689 मध्ये रायगड पडला, मायलेक मोगलांच्या कैदेत गेले. येसूबाई सुटल्या 1719 मध्ये. तोवर राजाराम महाराजांना जाऊन 19 वर्षं झाली होती.