सत्तर मायक्रॉनचे वैभव

रत्नागिरीत समुद्रापासून हाकेच्या अंतरावर घर असणे ही पाहुण्यांच्या दृष्टीने चैन असली, तरी लोखंडी फाटकाच्या दृष्टीने ती जन्मठेप असते. दर अक्षय्य तृतीयेला मी तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, रेड ऑक्साइड आणि ऑइलपेंटचा डबा घेऊन फाटकासमोर बसत असे, आणि दिवाळीपर्यंत फाटक पुन्हा तांबूस पापुद्रे सोडू लागत असे. अकरा वर्षे हा कुळाचार पाळल्यावर यंदा भाच्याने पावडर कोटिंगचे, म्हणजे रंगाची कोरडी पूड भट्टीत भाजून चढवण्याचे, नाव काढले आणि मी फाटक टेम्पोत घालून एमआयडीसी गाठली.

तिथल्या फोरमनने आधी माझे अज्ञान खरवडले. जुन्या रंगावर पावडर मारता येत नाही, म्हणून सगळे थर काढले गेले. हिरव्याखाली निळा, निळ्याखाली चॉकलेटी असा माझ्या अभिरुचीचा इतिहास उलगडत गेला आणि शेवटी असे दिसले की, खालचे दोन गज केव्हाच गंजून गेले होते व त्या जागी निव्वळ माझा रंग उभा होता. नवे गज बसवले. मग तेल काढणे, गंज काढणे, मधूनमधून धुणे आणि फॉस्फेटिंग, म्हणजे रंग धरून राहावा म्हणून फॉस्फेटचा पातळ थर चढवणे, अशा टाक्यांमधून फाटकाला बुचकळले गेले. माझ्या मुंजीतही एवढी स्नाने झाली नव्हती.

रंग निवडायला रॅलचे पुस्तक पुढे आले. ही जर्मन रंगसूची १९२७ साली ४० रंगांनिशी सुरू झाली. आता त्यात दोनशेहून अधिक रंग आहेत आणि त्यांतला एकही आईला ‘आपल्या फाटकाचा हिरवा’ वाटेना. अखेर ६००५ क्रमांकावर तडजोड झाली. पावडर मात्र पॉलिएस्टरचीच घ्या, इपॉक्सी उन्हात खडूसारखी पांढरी पडते, हे फोरमनने बजावले. विद्युतभारित पावडर अर्थिंग दिलेल्या लोखंडाला आपणहून चिकटते आणि भट्टीत १८० ते २०० अंशांवर वितळून तिचा अखंड थर बनतो. हे सारे मला पटले. फक्त फाटक अकरा फुटांचे आणि भट्टी दहा फुटांची होती, हे कोणीच आधी मोजले नव्हते. फाटकाची दोन दारे करण्यात आणखी आठ दिवस गेले.

त्या आठ दिवसांत घर फाटकाविना राहिले. पोस्टमन सवयीने हवेतली कडी उचलून आत येत होता. शेजारचे अप्पा मात्र पूर्वी फाटक होते त्या रेषेवर थांबून हाक मारत. गाईंना असले संस्कार नसल्यामुळे आईच्या जास्वंदीचे केवळ दांडे उरले.

फाटक आले तेव्हा सत्तर मायक्रॉनच्या, म्हणजे जेमतेम केसाएवढ्या जाडीच्या, त्या तकाकीसमोर मी गहिवरलो आणि वेल्डरला चहा सांगायला आत गेलो. परत येईपर्यंत त्याने खांबावरच्या बिजागऱ्या दाराला जागच्या जागी वेल्ड करून टाकल्या होत्या. प्रत्येक सांध्याभोवती रुपयाएवढे काळे वर्तुळ उमटले होते. बिजागऱ्या कोटिंगच्या आधीच जोडून घ्यायच्या असतात, हे फोरमनने फोनवर अतिशय शांतपणे सांगितले. आता एवढी जागा घासून, झिंकचा प्रायमर लावून वर डब्यातला रंग द्यावा लागेल आणि त्याची छटा थोडी वेगळी दिसेल, अशी पुस्तीही त्याने जोडली.

पॉलिश पेपर आणि ब्रश घेऊन मी पुन्हा जुन्या जागी बसलो. अप्पा आता नव्या फाटकापाशी थांबले होते.

“एवढा खर्च केलास, तो हा रंग स्वतःच मारायला होय रे?”

मी उठून त्यांना मायक्रॉनचा हिशेब समजावू लागलो. ओला रंग पुसला जाऊ नये म्हणून दोन्ही दारे सताड उघडी ठेवली होती, हे आमच्या दोघांआधी गाईच्या लक्षात आले.