भारतातला परवाना जर्मनीत चालत नाही, ते बरंच आहे

जर्मनीत नव्याने आलेल्या आपल्या मंडळींच्या गप्पांत एक तक्रार हमखास निघते. "बारा वर्षं गाडी चालवली, गाडीला साधा ओरखडा नाही, आणि इथे येऊन पुन्हा पहिलीत बसायचं?" मीही आले तेव्हा हेच म्हणत होते, तेही चांगलं तावातावाने. आज लिहायला बसले, कारण गेल्या आठवड्यात ओळखीच्या एका मुलाचा फोन आला. "ताई, कमीत कमी किती तास घेतले तर परीक्षा निघते?" फोनवर त्याला धड उत्तर देता आलं नाही. दिवसभर ते डोक्यात राहिलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात नियम. इथे राहायला आल्यापासून सहा महिने भारतातला परवाना चालतो. त्यानंतर त्यावर गाडी चालवली तर ते विनापरवाना चालवणं झालं, आणि जर्मनीत तो फौजदारी गुन्हा आहे. काही देशांचे परवाने परीक्षेशिवाय बदलून मिळतात, भारत त्या यादीत नाही. लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. लेखी परीक्षेत ३० प्रश्न असतात, ती इंग्रजीतून देता येते आणि १० पेक्षा जास्त दोषांक झाले की नापास. प्रत्यक्ष परीक्षा ५५ मिनिटांची असते.

यात आपल्याला एक मोठी सूट आहे. कोरी पाटी घेऊन आलेल्या माणसाला इथे १२ खास तास सक्तीचे असतात: ५ गावाबाहेरच्या रस्त्यांवर, ४ ऑटोबानवर (म्हणजे द्रुतगती महामार्गावर), ३ अंधारात. परदेशी परवाना असलेल्याला त्यातला एकही सक्तीचा नाही. परीक्षेच्या दिवशी फारशूलेची, म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलची, गाडी आणि शेजारी त्यांचा शिक्षक असला की झालं. म्हणून आपल्यातले बहुतेक जण हात बसण्यापुरते चार-पाच तास घेतात आणि परीक्षेची तारीख मागतात. मी पाच घेतले होते.

माझी परीक्षा अठराव्या मिनिटाला संपली. ताशी ३० ची वस्ती, दोन्ही बाजूंना लावलेल्या गाड्या, चौकात एकही पाटी नाही. मी जरा रुंद रस्त्यावरून सरळ चालले होते. उजवीकडच्या अरुंद गल्लीतून एका करड्या गाडीचं नाक दिसलं. हे मला अगदी स्पष्ट आठवतं, कारण मी ती गाडी पाहिली होती. ती लांब आहे, तिने मला बघितलंय, माझा रस्ता मोठा आहे, असा सगळा हिशेब अर्ध्या सेकंदात झाला आणि माझा पाय ब्रेककडे गेलाच नाही. शिक्षकांचा गेला. त्यांच्या बाजूलाही ब्रेक असतो, आणि परीक्षेत तो त्यांना दाबावा लागला की खेळ खलास. मागे बसलेल्या परीक्षक बाई शांतपणे म्हणाल्या, "हात चांगला आहे तुमचा. पण तो माणूस तुमच्यावर विसंबून होता."

या नियमाला इथे 'रेख्ट्स फोर लिंक्स' म्हणतात, डावीकडच्याच्या आधी उजवीकडचा. पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला, मग तुमचा रस्ता कितीही रुंद असो. तो मुख्य रस्ता आहे असं मानायचं तर पिवळ्या चौकटीची पाटी लागते. पाठ करायला सोपं आहे. पण भारतात गाडी चालवताना आपण समोरच्याला वाचत असतो. रिक्षाचं पुढचं चाक कुठे वळलंय, दुचाकीवाल्याची नजर कुठे आहे, बस खरंच थांबणार की नुसती हळू झालीय, हे सगळं आपल्याला न सांगता कळतं. हे कसब खरं आहे, कमावलेलं आहे, आणि त्याला कुणी नावं ठेवली तर मला राग येतो. पण इथला समोरचा माणूस तुम्हाला वाचत नसतो. आपला हक्क आहे हे त्याला माहीत असतं आणि तो येतो. दोघेही अंदाज घेत असतील तर निभावतं. एकच जण अंदाज घेत असेल तर त्याच्या अंदाजाची किंमत दुसरा मोजतो.

आणि हा नियम परका वाटत असेल तर आणखी एक सांगते. भारतात २०१७ पर्यंत लागू असलेल्या १९८९ च्या रस्ते नियमावलीतही हेच लिहिलं होतं: चौकात मुख्य रस्ता ठरवलेला नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्या. मला हे जर्मनीत नापास झाल्यावर वाचून कळलं. बारा वर्षं मी परवाना खिशात घेऊन फिरले, तो मिळाला तेव्हा मला हे कुणी विचारलं नव्हतं आणि नंतरही कुणी सांगितलं नाही. त्या रात्री मला नापास झाल्यापेक्षा याचंच जास्त वाईट वाटलं.

लोक घाबरतात ते डावी-उजवी बदलण्याला. त्याचं एवढं काही नाही. पहिले आठ दिवस वळताना इंडिकेटरऐवजी वायपर चालू होतो, मग ते थांबतं. फक्त रिकाम्या रस्त्यावर जपा. पुढे दुसरी गाडी असली की आपण तिच्या मागे बरोबर बाजूला जातो. पहाटे पार्किंगमधून एकट्याने बाहेर पडताना हात जुन्या सवयीने डावीकडे नेतो.

त्याहून अवघड खुणांचा अर्थ. एकदा अरुंद रस्त्यावर समोरून आलेल्या गाडीने दिवे उघडझाप केले आणि मी जागच्या जागी थांबले. आपल्याकडे त्याचा अर्थ 'मी येतोय, तू थांब'. त्याला म्हणायचं होतं, 'या तुम्ही'. तो माझ्यासाठी थांबलेला, मी त्याच्यासाठी. शेवटी त्याने काचेआडून हाताने खूण केली तेव्हा मी निघाले. नशीब की चूक त्या बाजूने झाली. उलट घडलं असतं तर?

नापास झाल्यावर मी ते बाराही तास घेतले. पैसे लागले, आणि नव्याने बस्तान बसवताना ते जड जातात हे मी नाकारत नाही. पण त्या तासांत जे शिकले ते पाच तासांत हाती लागलंच नसतं. ऑटोबानवर शिरायच्या पट्टीत मी सवयीने वेग कमी केला, तर शिक्षक "गास! गास!" करत ओरडले. तिथे वेग वाढवून वाहत्या रहदारीच्या बरोबरीला यायचं असतं. घाबरून पट्टीच्या टोकाला थांबलात तर शून्यापासून शंभराच्या गर्दीत शिरावं लागतं. जिथे मर्यादेची पाटी नाही तिथे १३० ही फक्त शिफारस आहे, त्यामुळे आरशात मघाशी ठिपका होता तो पट्टी बदलेपर्यंत मागे येऊन ठेपतो. उजव्या बाजूने ओव्हरटेक करायला तिथे मनाई आहे.

मला सगळ्यात मोलाची वाटली ती 'रेटुंग्सगास', वाट करून देणं. रहदारी मुंगीच्या वेगाने चालायला लागली की, सायरन ऐकू येण्याच्या आधीच, सगळ्यात डावीकडच्या पट्टीने डावीकडे सरकायचं आणि बाकीच्यांनी उजवीकडे. मधे रुग्णवाहिकेपुरती गल्ली तयार होते. पुढे काय झालंय हे कुणालाच ठाऊक नसतं. ती वाट न करणाऱ्याला २०० युरो दंड, २ गुण आणि महिनाभर गाडी बंद. गुण ८ झाले की परवाना जातो. पण मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा दंडाची आठवणही झाली नाही. पावसात डोळ्यांपुढे शेकडो गाड्या दोन्ही कडांना सरकल्या आणि मधून रुग्णवाहिका वेग न मोडता निघून गेली. माझ्या अंगावर काटा आला. भारतात रुग्णवाहिकेत जवळच्या माणसाचा हात धरून जो गर्दीत अडकलाय, त्याला मी काय म्हणते ते कळेल.

आणि खांद्यावरून मागे बघणं, शुल्टरब्लिक. नुसता आरसा पुरत नाही. उजवीकडे वळताना तुमच्या उजव्या अंगाने सरळ जाणारा सायकलस्वार आरशाच्या बाहेर असतो, आणि हक्क त्याचा असतो. शिक्षकांनी एकदा मला गाडीत बसवलं, स्वतः मागच्या दाराजवळ उभे राहिले आणि विचारलं, "मी दिसतोय?" तिन्ही आरशांत कुठेच नव्हते. मान वळवली तर हाताच्या अंतरावर! त्या दिवसापासून वळताना मान आपोआप वळते.

तर त्या मुलाला माझं उत्तर: कमीत कमी किती, हे विचारू नकोस. सूट आहे म्हणून ते बारा तास सोडू नकोस. तू वाईट चालवतोस म्हणून नव्हे. चांगला चालवतोस म्हणूनच तुझा हात विचार करायच्या आधी निर्णय घेतो, आणि ते निर्णय दुसऱ्या रस्त्यांसाठी घडलेत.

आणखी एक, याला पैसे पडत नाहीत. परीक्षेआधीचे आठ दिवस आसपासच्या वस्तीतून पायी फिर. प्रत्येक चौकात थांब आणि मोठ्याने बोल, आता आधी कोण जाणार. मी दुसऱ्या परीक्षेआधी हेच केलं. आमच्या घरापासून स्टेशनपर्यंत अकरा चौक आहेत. सातांत उजवीकडचा आधी, तीन ठिकाणी पिवळी चौकट. उरलेल्या एका ठिकाणी उजवीकडून गल्ली येते, पण तिच्या तोंडाशी पदपथाची कड बुटकी करून आडवी नेली आहे. अशी कड ओलांडून येणाऱ्याला थांबावं लागतं, उजवीकडून आला तरी. तिथे मी तीनदा चुकले. शनिवारी मोकळा असशील तर ये, तो चौक तुला दाखवते.