फोड म्हणजे भाजणं नव्हे, आणि बिब्बा हे त्याचं औषध तर मुळीच नव्हे

‘हातापायाला फोड आलाय? डॉक्टरकडे जाऊ नका’ असं सुरू होणारा एक मेसेज सध्या भजनी मंडळापासून पोलीस भरतीच्या पोट्ट्यांपर्यंत सगळ्या ग्रुपवर फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: घासल्यानं जी उष्णता तयार होते तिनं कातडी भाजते आणि फोड येतो. आतलं पाणी विषारी असतं, ते अंगात मुरायच्या आत वरची कातडी पूर्ण सोलून काढावी. मग उघड्या जागेवर बिब्ब्याचं तेल नाहीतर रुईचा चीक लावावा, ‘एका रात्रीत कोरडं’. पुन्हा फोड येऊ नये म्हणून रोज अर्धा तास मिठाच्या पाण्यात पाय बुडवावेत, मोजे घालू नयेत, जमलं तर अनवाणीच चालावं. आणि शेवटी, ‘शुगरवाल्यांनाही चालतं’.

माझ्या मावशीनं पऱ्हाटी उपटताना आलेला फोड हा मेसेज वाचून ब्लेडनं सोलला आणि वर बिब्बा लावला. हात मनगटापर्यंत सुजला, तेव्हा कुठे तिनं मेसेज दाखवला. असला मजकूर डोळे मिटून पुढे ढकलणाऱ्यांनी एकदा हे नीट वाचावं.

आधी भाजण्याचं बघू. कातडी भाजायला किती उष्णता किती वेळ लागते, हे मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या संशोधकांनी १९४७ मध्येच मोजून ठेवलं आहे. ४४ अंश सेल्सिअसला सुमारे सहा तास, ६० अंशाला पाचेक सेकंद. कुदळीच्या दांड्याखाली तळहात एवढा तापला असता, तर चटका बसून दांडा हातातून केव्हाच सुटला असता. तसं होत नाही. माणूस दुपारपर्यंत खणत राहतो आणि जेवायला बसल्यावर त्याला फोड दिसतो.

खरी गोष्ट कातडीच्या आत घडते. सगळ्यांत वर मेलेल्या पेशींचा शृंगी थर असतो. तळहात-तळपायावर तो चांगला जाड असतो. त्याखाली कणमय थर, त्याखाली काटेरी पेशींचा थर, आणि तळाला नव्या पेशी तयार करणारा आधारथर. घर्षणाच्या फोडात फाट पडते ती मधल्या, काटेरी पेशींच्या थरात. वरचा शृंगी थर अखंड राहतो, खालचा आधारथरही बहुतेक शाबूत असतो. मधल्या पेशींची एकमेकींना धरून ठेवणारी बंधनं तुटतात, पोकळी होते आणि पुढच्या दोनेक तासांत तिच्यात पाणी भरतं.

मधलाच थर का फाटतो, हे समजायला घरच्या घरी एक गोष्ट करून बघा. डाव्या हाताच्या पाठीवर उजव्या हाताच्या बोटाचं टोक दाबा आणि बोट घसरू न देता पुढेमागे हलवा. कातडी बोटाबरोबर जाते, खालचं हाड जागेवर राहतं. घासणं झालेलंच नाही, तरी मधल्या मांसल भागाला तिरपी ओढ बसली. फोड आणणारी ओढ ती हीच. बुटात हे उलट्या बाजूनं होतं: घामानं कातडी मोज्याला आणि मोजा बुटाला चिकटून बसतो, आणि टाचेचं हाड प्रत्येक पावलाला आत वरखाली सरकतं. हाड ६ मिलिमीटर सरकलं आणि हाड ते वरची कातडी यांमधला सगळा मऊ भाग ६ मिलिमीटरच जाड असेल, तर तो भाग ४५ अंशांत कलतो. कलण्याचं माप काढायचं तर सरकलेलं अंतर भागिले जाडी, एवढं साधं गणित आहे.

यांत्रिक मॉडेल मांडताना कातडी एकावर एक ठेवलेल्या थरांची धरतात. वरून लागणारी आडवी ओढ (अभियंते तिला कर्तन प्रतिबल म्हणतात) सगळ्या थरांतून जवळपास सारखीच जाते. पण प्रत्येक थर किती कलेल ते त्याच्या ताठपणावर ठरतं. शृंगी थर ताठ, तो जेमतेम हलतो. आधारथराच्याही खाली असलेल्या अंतस्त्वचेत कोलॅजनचे चिवट धागे, ती फाटत नाही. उरला मधला मऊ थर, सगळी झीज त्याच्या वाट्याला. हाताच्या मागच्या बाजूला शृंगी थर पातळ असतो, म्हणून तिथे घासलं तर फोड न येता सरळ सालपट निघतं. फोडाला वर जाड आणि खाली घट्ट बांधलेली कातडी लागते, म्हणूनच तो तळहात, टाच आणि चवड्यालाच येतो.

ही ओढ जास्तीत जास्त किती, तर दाब गुणिले घर्षणांक (दोन पृष्ठभाग एकमेकांना किती अडकतात त्याचा आकडा). त्याच्या वर गेली की कातडी घसरते आणि ओढ सुटते. समजा बोटांच्या मुळाशी दांड्याचा दाब ४० किलोपास्कल आहे. कोरड्या हाताचा घर्षणांक ०.४ धरला तर आतली ओढ १६ किलोपास्कलवर थांबते. घामेजलेल्या हाताचा ०.८ धरला तर ती ३२ वर जाते. आकडे समजुतीसाठी घेतलेत, दिशा मात्र पक्की आहे: ओलसर कातडीचं घर्षण कोरड्या कातडीपेक्षा बरंच जास्त. अगदी कोरडी किंवा पाण्यानं निथळणारी कातडी घसरते, अर्धवट ओली अडकते. वावरात कुदळ किंवा टिकास हातात घेण्याआधी माणूस तळहातावर थुंकतो ते पकड वाढावी म्हणूनच. पकड वाढते आणि तेवढीच आतली ओढही वाढते. नवख्या माणसानं ही सवय सोडावी आणि हाताला कोरडी माती चोळावी. दांड्याला चिंधी गुंडाळली असेल तर ती घामानं भिजली की बदलावी, नाहीतर तिचा उलटा उपद्रव होतो. कुदळ दांड्यात ढिली बसली असेल तर पाचर ठोका, कारण डगमगणारं अवजार आवरायला मूठ विनाकारण जास्त आवळावी लागते.

एका फटक्यात फोड येत नाही. कुंपणाची तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तशी ही पेशीबंधनं हजारो हेलकाव्यांत थकून तुटतात. १९७३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात कोमेश या संशोधकांनी फोडाचं कारण थकवा हेच मांडलं. सगळा अभ्यास एकत्र करून जोसेफ नॅपिक आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये ‘स्पोर्ट्स मेडिसिन’ नियतकालिकात जो आढावा लिहिला, त्याचंही सार तेच: ओढ जितकी मोठी, तितके कमी हेलकावे पुरतात. या विषयावर एकच काही वाचायचं असेल तर तो आढावा वाचावा. म्हणून भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना सांगणं आहे की, नव्या बुटात पहिल्याच दिवशी १६०० मीटरच्या चार फेऱ्या मारू नका. थोडी थोडी ओढ रोज बसली तर कातडी जाड होते, एकदम बसली तर फाटते.

उष्णतेबद्दल एवढं मान्य करावं लागेल की गरम कातडीला फोड लवकर येतो. आणि विहिरीवर भरल्या बादलीचा दोर हातातून सर्रकन गेला, तर तिथे कातडी खरोखर घासून भाजते. पण ती वेगळी इजा आहे. तिच्यावरून कुदळीच्या फोडाला भाजणं म्हणता येत नाही.

आता सर्वांत घातक मुद्दा. आतलं पाणी विषारी नाही. ते रक्तद्रवासारखंच असतं, फक्त प्रथिनं कमी. ते अंगात परत गेलं तरी काही बिघडत नाही, कारण ते अंगातलंच आहे. वरची कातडी ही तिथे मिळू शकणारी सगळ्यांत चांगली पट्टी आहे. नॅपिक यांच्या आढाव्यात भरून येण्याचा क्रम दिला आहे: सहा तासांच्या सुमारास तळाच्या पेशी कामाला लागतात, २४ तासांत त्या भराभर विभागू लागतात, ४८ तासांत नवा कणमय थर दिसतो, आणि १२० तासांत, म्हणजे पाचव्या दिवशी, नवा शृंगी थर. हे सगळं वरच्या कातडीच्या आडोशाला चालतं. ती सोलली की उघड्या पेशी सुकतात, आग होते आणि धूळ, शेण, माती थेट आत जाते.

त्यात आपल्याकडे एक जास्तीचा धोका आहे, आणि तो मेसेज लिहिणाऱ्याच्या डोक्यातही आला नसावा. निंदणी-डवरणीत हाताला फोड येतात आणि त्याच दिवसांत कापसावर फवारणी सुरू होते. कीटकनाशक कातडीतून आत शिरायला मुख्य अडथळा असतो तो या शृंगी थराचाच. तळहात सोलून तुम्ही तोच काढून टाकता आणि त्याच हातानं पंपात औषध ढवळता. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि मजूर दगावले, हे विसरायला फार दिवस झालेले नाहीत. हाताला उघडी जखम असेल तर त्या दिवशी फवारणीला जाऊ नका. फवारायला दुसरा माणूस मिळत नसेल तर पट्टीवर रबरी हातमोजे घालून घ्या, आणि औषध मिसळायचं काम तरी दुसऱ्याला द्या.

आणि बिब्बा! बिब्ब्याच्या सालीतल्या तेलात भिलावनॉल नावाची द्रव्यं असतात. धडधाकट कातडीला लागली तरी ती फोड उठवतात. जंगलात बिब्बे गोळा करणाऱ्यांच्या हाता-तोंडावरचे डाग कुणी पाहिले नसतील असं नाही. फोड उठवणारं तेल फोडाच्या उघड्या जखमेत घालायला सांगणं हा गुन्हा आहे. काहींना त्याची अॅलर्जी होते, मग सूज आणि खाज लावलेल्या जागेपुरती राहत नाही. ‘आयुर्वेदात भल्लातक (म्हणजे बिब्बाच) आहेच की’ असं उत्तर येतं. आहे, पण तिथेही तो विटेच्या भुकटीत घोळून आणि इतर रीतींनी शुद्ध केल्याशिवाय वापरत नाहीत, आणि वैद्याच्या देखरेखीशिवाय तर नाहीच. झाडाखालून उचललेला बिब्बा दिव्यावर धरून टिपकवणं म्हणजे आयुर्वेद नव्हे. रुईचा चीकही तसाच दाहक. तो हाताचा डोळ्याला लागला तर बुबुळाला इजा होते. लावला असेल तर साबण-पाण्यानं भरपूर धुवा, डोळ्यात गेला असेल तर पंधरा मिनिटं स्वच्छ पाणी सोडत राहा आणि दवाखाना गाठा.

मग करायचं काय? लहान, न दुखणारा फोड तसाच सोडा, वर पट्टी ठेवा. मोठा आणि ठणकणारा असेल, त्यावर पाय टाकवत नसेल, तर पाणी काढायला हरकत नाही. बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन नको, बाभळीचा काटा नको, काडीवर धरून काळी केलेली सुईही नको, काजळी आत जाते. मेडिकलमधून इंजेक्शनची नवी सुई घ्या. हात आणि फोड साबणानं धुवा, फोडावर पोव्हिडोन आयोडीन लावा, ते वाळू द्या. सुई आडवी धरून फोडाच्या कडेला, खालच्या बाजूला, दोन-तीन छिद्रं पाडा. स्वच्छ गॉजनं हलकं दाबून पाणी बाहेर काढा. कातडीला हात लावू नका. वर थोडी व्हॅसलीन आणि गॉजची पट्टी. पहिल्या दिवसात फोड पुन्हा भरतो, तेव्हा पुन्हा याच रीतीनं काढा. १९६०च्या दशकातल्या प्रयोगांत पहिल्या २४ तासांत तीनदा पाणी काढलेल्या फोडांची कातडी खाली उत्तम चिकटून राहिली होती. फोडात दोरा ओवून ठेवणारे अनेक आहेत. तो दोरा म्हणजे जंतूंना आत जायची वाट. रक्ताचा फोड घरी फोडू नका. पू, पसरत जाणारी लाली, मनगटाकडे किंवा घोट्याकडे चढणारी लाल रेघ, ताप, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं तेही आठवून सांगा.

बाकीचे मुद्दे फार वेळ देण्यासारखे नाहीत. मिठाच्या पाण्यानं कातडी टणक होत नाही, भिजून मऊ पडते, आणि त्याच पायानं चालायला निघालात तर घर्षण वाढतं. मोजे नकोत हे उलटं आहे. आत पातळ नायलॉनचा आणि बाहेर जाड असे दोन मोजे घातले की घसरण मोज्या-मोज्यात होते, कातडीत होत नाही. कापूस पिकवणाऱ्या भागात हे लिहिताना जिवावर येतं, पण सुती मोजा घाम धरून ठेवतो. अनवाणी चालण्यात अर्धं सत्य आहे: जन्मभर अनवाणी चाललेल्याच्या तळव्याला फोड सहसा येत नाही. पण शेगावला पायी निघालेल्या शहरी पाहुण्यानं एप्रिलच्या दुपारी डांबरावर चप्पल काढली, तर त्याला जो फोड येईल तो मात्र खरोखर भाजल्याचा असेल. व्हॅसलीन मेसेजमध्ये नाही, तरी सगळे विचारतात म्हणून सांगतो: पहिला तासभर घर्षण घटतं, काही तासांनी ते मूळच्याहून वाढतं. लांब चालायचं असेल तर ती पुन्हा लावावी लागते. त्यापेक्षा मेडिकलमध्ये मिळणारी कागदी मायक्रोपोर पट्टी निघण्यापूर्वीच टाचेला आणि बोटांना लावा. १२८ धावपटूंवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पट्टी लावलेल्या जागी फोड लक्षणीय कमी आले.

राहिलं ‘शुगरवाल्यांनाही चालतं’. फोड येण्याआधी त्या जागी चुरचुरतं, लाल होतं, गरम लागतं. बाकीचे लोक तिथेच थांबतात, चप्पल बदलतात. मधुमेहानं किंवा कुष्ठरोगानं पाय बधिर झालेल्याला हा इशारा मिळतच नाही, तो चालत राहतो. वेल्लोरच्या डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या पायांवर काम करताना हेच दाखवून दिलं: पाय रोगानं सडत नाही, न जाणवणारा मध्यम ताण त्याच जागी पुन्हा पुन्हा पडून जखम होते. अशा माणसानं फोड घरी फोडायचा नाही, सोलायचा नाही, त्यावर काहीही चोपडायचं नाही. रोज संध्याकाळी पाय धुऊन पुसल्यावर तळव्याखाली आरसा धरून बघायचं, दिसत नसेल तर घरातल्या कुणाकडून तरी बघून घ्यायचं, आणि हाताच्या मागच्या बाजूनं चाचपून एखादी जागा बाकीच्यापेक्षा गरम लागते का ते पाहायचं. लागली तर दुसऱ्या दिवशी वावरात जायचं नाही, आरोग्य केंद्रात पाय दाखवायचा.