सहा कोटींचे एकशे पस्तीस कोटी कसे होतात

कुणालाही न पिळता अफाट श्रीमंत होता येतं का? येतं, असं मला वाटतं. पण फार थोडे तसे होतात. का, हे कळायला माणसाचा स्वभाव पाहून उपयोग नाही, हिशेब मांडून पाहावा लागतो.

पुण्याजवळच्या चाकणमधला एक कारखाना कल्पनेने घ्या. लाईनवर 500 ठेकेदारी कामगार आहेत. शेजारच्याच मशीनवर तेच काम करणाऱ्या पर्मनंट माणसापेक्षा प्रत्येकाला महिन्याला 10,000 रुपये कमी मिळतात. वर्षाचे झाले 6 कोटी. ढोबळ 25 टक्के कर गेला तरी साडेचार कोटी नफ्यात उरतात. बहुतेक लोक हिशेब इथेच थांबवतात आणि म्हणतात, एवढ्या मोठ्या कंपनीला साडेचार कोटी म्हणजे काय!

खरी गोष्ट पुढे आहे. कंपनी शेअर बाजारात असेल आणि बाजार तिला नफ्याच्या 30 पट किंमत देत असेल, तर या साडेचार कोटींमुळे कंपनीचं बाजारमूल्य 135 कोटींनी वाढतं. प्रमोटरकडे, म्हणजे कंपनीच्या मुख्य मालकाकडे, निम्मे शेअर असतील तर त्याची संपत्ती साडेसदुसष्ट कोटींनी वाढली. कामगाराच्या खिशात न गेलेला, म्हणजे त्याला दिलाच नाही असा एक रुपया मालकाच्या संपत्तीत अकरा रुपयांहून जास्त होऊन बसतो. मोह एवढा मोठा असतो तो यामुळे. आणि सीएसआरचं, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक कामावरच्या खर्चाचं, कौतुक करताना हेही लक्षात ठेवा: कायद्याने त्यासाठी तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के खर्च करायचा असतो. सहा कोटींवर तो होतो वर्षाला 12 लाख.

पिळण्याची दुसरी जागा भोसरीच्या छोट्या शेडमध्ये आहे, आणि तिच्याबद्दल कामगारांच्या प्रश्नाइतकंही कुणी बोलत नाही. दोन-चार सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशीनवाला व्हेंडर, म्हणजे पुरवठादार, मोठ्या कंपनीला महिन्याला 10 लाखांचे पार्ट देतो. 18 टक्के जीएसटी म्हणजे 1,80,000 रुपये. मासिक रिटर्न भरत असेल तर पुढच्या महिन्याच्या 20 तारखेपर्यंत हा कर भरावाच लागतो. मालावर दिलेल्या कराची वजावट मिळते, पण अशा जॉबवर्कमध्ये, म्हणजे कंपनीच्या ऑर्डरीप्रमाणे करून दिलेल्या कामात, मोठा खर्च मजुरीचा आणि विजेचा, तिथे वजावट नाही. बिलाचे पैसे येतात 90 दिवसांनी. तोवर तो बँकेच्या सीसीवर (कॅश क्रेडिट, म्हणजे धंदा चालवायच्या कर्जावर) चालतो. 12 टक्क्यांनी 10 लाखांचं तीन महिन्यांचं व्याज 30,000. मार्जिन 6 टक्के धरलं तर 60,000 तले निम्मे व्याजातच गेले. असे 400 व्हेंडर असतील तर त्या कंपनीकडे कायम 120 कोटी रुपये बिनव्याजी पडून असतात. ते भांडवल भोसरीच्या शेडमालकांनी पुरवलेलं असतं, पण त्यांच्या नावावर एक शेअरही नसतो.

कायदा आहे. 2006 च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचं, करार नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँक जाहीर करते त्या ‘बँक रेट’ या व्याजदराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. 1 एप्रिल 2024 पासून वेळेत न दिलेल्या बिलाची आयकरातली वजावटही प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत मिळत नाही. तरी व्हेंडर तक्रार करत नाही, कारण पुढच्या महिन्याचं ऑर्डरचं शेड्यूल कोऱ्या कागदासारखं येईल याची त्याला खात्री असते. डाय (पार्टचा साचा) कंपनीची, ड्रॉईंग कंपनीचं, गिऱ्हाईक एकच. मुदत मालाच्या तारखेऐवजी इन्स्पेक्शन झाल्यापासून मोजायची, नाकारलेल्या मालाचे पैसे कापणारी डेबिट नोट वर्षअखेरीला लावायची, हे सगळं याच भीतीवर चालतं.

मग न पिळता संपत्ती कशी होते? पुण्यात हडपसरची मगरपट्टा सिटी ही वसाहत घ्या. सुमारे 120 शेतकरी कुटुंबांनी 400 एकरांहून जास्त जमीन एकत्र केली, कंपनी काढली आणि जमिनीच्या प्रमाणात शेअर घेतले. एरवी काय होतं? ग्रीन झोनमधली, म्हणजे बांधकामाला बंदी असलेली, जमीन एजंट एकराच्या भावाने घेतो, झोन बदलला की गुंठ्याच्या भावाने विकतो. एकरात गुंठे 40, त्यामुळे मधला सगळा फरक त्याचा. मगरपट्ट्यात तो फरक जमीनमालकांकडेच राहिला. (बांधकामावरच्या मजुरांचा हिशेब यात येत नाही, तो वेगळा मांडायला हवा.) 1981 मध्ये पुण्यात सुरू झालेल्या इन्फोसिसनेही पुढे कर्मचाऱ्यांना शेअर दिले. दोन्हीकडे संस्थापक श्रीमंत झालेच. शेअरची किंमत वाढली तेव्हा ती वाढ काम करणाऱ्यांच्या किंवा जमीन देणाऱ्यांच्या हातातही होती, म्हणून मला ही संपत्ती वेगळी वाटते.

एखादा उद्योगपती कसा आहे हे त्याच्या मुलाखतीतून ठरवू नका. कंपनी शेअर बाजारातली असेल तर वार्षिक अहवाल वेबसाईटवर असतो. ‘ट्रेड पेएबल्स’ची, म्हणजे पुरवठादारांच्या देण्यांची, टीप काढा, सूक्ष्म आणि लघु उद्योगांची थकबाकी तिथे वेगळी दाखवावी लागते, किती जुनी आहे तेही. शेअर बाजारातल्या मोठ्या हजार कंपन्यांना बीआरएसआर नावाचा, व्यवसायातल्या जबाबदारीचा अहवाल द्यावा लागतो. त्यात पर्मनंट कामगार किती, बाकीचे किती, पुरवठादारांचे पैसे सरासरी किती दिवसांनी दिले, हे आकडे असतात. मुख्य अधिकाऱ्याचा पगार कर्मचाऱ्यांच्या मधल्या (मीडियन) पगाराच्या किती पट आहे तेही वार्षिक अहवालात सापडतं. तुमच्याकडे एक शेअर असला तरी वार्षिक सभेत हे विचारायचा हक्क आहे. बहुतेक सभा आता ऑनलाईन होतात, वक्ता म्हणून आधी नाव नोंदवावं लागतं. ती मुदत सभेच्या नोटिशीत दिलेली असते.