पहिलं मिनिट आणि विसावं मिनिट

मागच्या लेखात मी 'लॅपटॉपचा आय७ म्हणजे डेस्कटॉपचा आय३' असं एक वाक्य ठोकून दिलं होतं (आय३, आय५, आय७, आय९ हे इंटेलच्या प्रोसेसरचे चढते दर्जे). त्यावर तुम्ही लिहिलंत की ही निव्वळ थाप आहे. तुमच्या लॅपटॉपमधला आय७-१२५५यू ४.७ गिगाहर्ट्झ वेगापर्यंत जातो, त्यात १० कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग) आहेत. मी ज्याची तारीफ करतो तो डेस्कटॉपचा आय५-१२४०० मात्र ६ कोअर आणि ४.४ गिगाहर्ट्झवर थांबतो. वर 'आमच्याकडे रोज दोन तास वीज नसते, तुम्ही शहरात बसून डेस्कटॉपचे सल्ले देता' हा टोलाही हाणलात. सोबत वेगाच्या चाचणीचा स्कोअर जोडलात आणि मुलीसाठी काय घ्यावं, हेही विचारलंत.

टोला बरोबर बसलाय. यूपीएसचा खर्च मी हिशेबात धरलाच नव्हता. लॅपटॉपला तो वेगळा लागत नाही, हे लिहायला हवं होतं.

आय३चं वाक्यही मागे घेतो, पण ते आलं कुठून तेवढं सांगू द्या. सातव्या पिढीत लॅपटॉपच्या आय७-७५००यूमध्ये २ कोअर आणि ४ थ्रेड (कोअरवर एका वेळी चालणारे कामाचे धागे) होते. डेस्कटॉपच्या आय३-७१००मध्येही नेमके तेवढेच. तेव्हा ते वाक्य शब्दशः खरं होतं. मग २०१७ सालीच आठव्या पिढीत यू मालिकेच्या (लॅपटॉपचे कमी वीज खाणारे प्रोसेसर) आय७ला ४ कोअर मिळाले आणि ते शिळं झालं. मी मात्र तेच जुनं नाणं चालवत राहिलो.

आता तुमचे १० कोअर. ते सगळे एका मापाचे नाहीत. १२५५यूमध्ये २ मोठे कोअर आहेत आणि ८ छोटे, काटकसरी. ४.७चा आकडा त्या दोन मोठ्यांचा. छोटे जास्तीत जास्त ३.५पर्यंत जातात. मोठ्या कोअरवर दोन-दोन थ्रेड चालतात, छोट्यावर एकच, म्हणून थ्रेड १२. आय५-१२४००चे सहाही कोअर मोठे, म्हणजे तिथेही थ्रेड १२च. दहा विरुद्ध सहा ही तुलना तिथेच ढासळते.

पण खरा फरक कोअरचा नाही, वॅटचा आहे. तुमच्या प्रोसेसरची वीज खाण्याची मूळ मर्यादा १५ वॅट, थोड्या वेळापुरती ५५. १२४००ची मूळ ६५, जास्तीत जास्त ११७. हे 'थोड्या वेळापुरती' म्हणजे बहुतेक लॅपटॉपमध्ये जेमतेम अर्धं मिनिट. वेबपान उघडणं, एक्सेलचं सूत्र चालवणं ही कामं त्या वेळात उरकतात, म्हणून तुम्हाला लॅपटॉप सुसाट वाटतो. तो त्या कामांत खरोखरच सुसाट आहे, एका कोअरच्या कामात डेस्कटॉपच्या तोडीचा. इथे तुमचं म्हणणं मान्य.

भाचीचा १५ वॅटच्याच जातीचा लॅपटॉप घेऊन मी लग्नाचा लांबलचक व्हिडिओ एक्स्पोर्टला लावला होता. सुरुवातीला पठ्ठ्या दणक्यात धावला. चहा टाकून परत आलो तर वेग निम्म्याच्या आसपास आला होता आणि पंखा घोंघावत होता. लॅपटॉप बिघडला नव्हता, तो तसाच बनवलेला असतो. सिनेबेंच आर२३ हे प्रोसेसरचा वेग मोजणारं सॉफ्टवेअरही चाचणी दहा मिनिटं चालवतं ते याचसाठी. तुम्ही जोडलेला त्याचा स्कोअर एका फेरीचा आहे. दहा मिनिटांचा आकडा टाका, मग बोलू.

वॅट अर्धे केले म्हणून वेग अर्धा होत नाही, हे लॅपटॉपच्या बाजूने सांगायलाच हवं. वीजखप वाढतो फ्रिक्वेन्सीच्या (म्हणजे त्या गिगाहर्ट्झच्या) प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. शेवटचे काही शे मेगाहर्ट्झ काढायला व्होल्टेज चढवावं लागतं आणि तिथेच डेस्कटॉप वीज पाण्यासारखी ओततो. आय९-१३९००के आणि लॅपटॉपचा आय९-१३९००एचएक्स, दोघांतही २४ कोअर. पहिला २५३ वॅटपर्यंत जातो, दुसरा १५७पर्यंत. एवढी वीज वाचवून कमाल फ्रिक्वेन्सीत पडणारा फरक किती, तर ५.८ विरुद्ध ५.४.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण ॲपलने २०२०च्या नोव्हेंबरात आपसूक मांडून ठेवलं. एम१ ही चिप मॅकबुक एअरमध्येही दिली आणि मॅक मिनीमध्येही. एअरला पंखाच नाही. छोट्या कामांत दोघे जुळे भाऊ. काम लांबलं की एअर मागे पडतो. चिपचं नाव एक, फरक फक्त उष्णता बाहेर काढण्याचा. आणि पंखा हवा खोलीतलीच ओढतो. चिपची कमाल मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते, त्यामुळे अकोल्यात मे महिन्यात ४० अंशांच्या खोलीत तापायला उरतात ६०, डिसेंबरात ७५-८०.

राहिला तुमच्या मुलीचा प्रश्न. ती आर्किटेक्चरला आहे, म्हणजे रेव्हिट या सॉफ्टवेअरमध्ये इमारतीचं मॉडेल उभं करणं आणि नंतर रेंडर, म्हणजे त्या मॉडेलवरून हुबेहूब चित्र तयार करणं. मॉडेलिंगचं बरंचसं काम एका कोअरवर चालतं, त्याला लॅपटॉप पुरतो. प्रोसेसरवरचं रेंडर मात्र सगळे कोअर तासन्‌तास राबवतं. कॉलेजात ज्यूरीला (परीक्षकांना) मॉडेल दाखवायचं तर डेस्कटॉप पाठीवर टाकून नेता येत नाही, तेव्हा लॅपटॉपच घ्या. फक्त नावाच्या शेवटी यू नको, एच किंवा एचएक्स (लॅपटॉपचेच, पण जास्त वॅटचे प्रोसेसर) बघा, जरा जाड आणि दोन पंख्यांचा. दीडेक किलो जास्त ओझं होईल म्हणून ती कुरकुरेल. रेंडर रात्री लावा आणि चार्जर जोडलेला ठेवा. बॅटरीवर तो आणखी हळू चालेल.