पेटकरांचं सुवर्ण आहे तसंच सांगा

‘भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक सुवर्ण बिंद्राचं नाहीच. मुरलीकांत पेटकरांनी ते 1972 मध्ये म्युनिकला जिंकलं होतं. सिनेमा आला तेव्हा कुठे सरकारला पद्मश्री सुचली.’ हा मजकूर व्हॉट्सॲपवर सारखा फिरतो. पाठवणाऱ्यांच्या मनात आदरच असतो, पण मजकूर चुकीचा आहे.

म्युनिकचं आधी बोलू. जलतरणपटू पेटकर जिंकले ते जर्मनीतल्याच हायडलबर्गला, पॅरालिम्पिकमध्ये (दिव्यांग खेळाडूंची जागतिक स्पर्धा), ऑगस्टच्या सुरुवातीला. म्युनिकचं ऑलिम्पिक सुरू व्हायला तेव्हा अवकाश होता. पॅरालिम्पिकही म्युनिकलाच व्हायचं, पण तिथल्या क्रीडाग्रामातली घरं खासगी सदनिका म्हणून द्यायची होती, म्हणून खेळ हायडलबर्गला गेले.

मग नेमबाज अभिनव बिंद्राचं 2008 चं सुवर्ण? ते भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक सुवर्णच आहे. पेटकरांचं भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण आहे. एकाचं खोडून दुसऱ्याला द्यायची गरजच काय? ‘ऑलिम्पिक’ म्हटल्याशिवाय मान मिळणार नाही असं आपल्याला वाटतं, आणि मला खरा सल तोच आहे.

जिंकले काय ते नीट बघा. सांगली जिल्ह्यातल्या पेठ गावचा हा पोरगा सैन्यात ईएमईचा (वाहनं-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या शाखेचा) जवान आणि बॉक्सर होता. 1965 च्या युद्धात अंगात गोळ्या घुसल्या, एक मणक्यात अडकली आणि पाय लुळे पडले. मुंबईत नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात उपचार म्हणून पाण्यात उतरवलं. हायडलबर्गला 50 मीटर फ्रीस्टाइल त्यांनी 37.33 सेकंदांत संपवली, विश्वविक्रमासह. पायांचा जोर नाही, सगळं पाणी खांद्यांनी आणि हातांनी ओढायचं. त्याआधी 1968 मध्ये तेल अवीवला ते टेबल टेनिसही खेळले होते.

राहिली पद्मश्री. ती 2018 ची, त्यांच्यावरचा सिनेमा ‘चंदू चॅम्पियन’ 2024 चा. हिशेब तिथेच संपतो.

उपेक्षेची तक्रार मात्र खरी आहे, ती मी खोडणार नाही. पुण्यात टेल्कोत (आताची टाटा मोटर्स) नोकरी करून संसार चालवणाऱ्या या माणसाने 1982 मध्ये अर्जुन पुरस्कारासाठी अर्ज केला, तो नाकारला गेला. अखेर जानेवारी 2025 मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, कुबडीच्या आधाराने चालत जाऊन त्यांनी राष्ट्रपती भवनात अर्जुन जीवनगौरव स्वीकारला.