पैंजण रुतायला लागले तेव्हा

पाय सुजण्यावरचा एक लेख वाचला. त्यात सुजेचं खापर मीठ, वजन आणि तासन्‌तास खुर्चीत बसण्यावर फोडलंय. दम लागणं एका ओळीत उरकलंय. तरुण वयात ही जोडी एकत्र दिसली तर इतकं स्वस्तात सोडू नये.

माझी धाकटी जाऊ, वय 26. संध्याकाळी पैंजण घोट्यात रुतायचे, नडगीवर अंगठा दाबला की खळगा तसाच राहायचा. दोन जिने चढली की धापा. ‘रक्त कमी असेल’ म्हणून आम्ही बीट-खजुराचा मारा केला. गल्लीतल्या डॉक्टरांनी लघवी होण्याच्या गोळ्या दिल्या, सूज उतरली, आणि तिथेच आम्ही फसलो. रात्री आडवं झालं की गुदमरायचं म्हणून ती उशा लावून बसल्या बसल्या झोपायची, हे कुणी डॉक्टरांना सांगितलंच नाही.

दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी छाती तपासून आधी विचारलं, लहानपणी घसा दुखून मग सांधे सुजले होते का? तिच्या आईला आठवलं, चौथीत गुडघे सुजून महिनाभर शाळा बुडाली होती. इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) हृदयातली मायट्रल झडप आकसलेली निघाली. घशातल्या स्ट्रेप्टोकोकस या जंतूशी लढताना शरीर स्वतःच्याच झडपांवर उलटतं, आणि ते कळतं कित्येक वर्षांनी. झडपेत फुगा फुगवून ती मोकळी केली. तो जंतू पुन्हा उलटू नये म्हणून आता दर 21 दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन. (भयंकर दुखतं, त्या दिवशी भांडी माझ्याकडे.)

सगळ्यांचं हृदयच असेल असं नाही. सकाळी डोळ्यांभोवती सूज आणि लघवीला फेस असेल तर मूत्रपिंडं तपासतात. एकच पोटरी सुजून अचानक दम लागला तर मात्र सकाळची वाट बघू नका, पायातली रक्ताची गुठळी फुप्फुसात गेलेली असू शकते.